इव्हेंट प्लॅनिंगमध्ये नवीन आहात? ट्रेंड नंतर बघू, आधी रन शीट उघडा

मी या कामात आले तेव्हा माझ्या लॅपटॉपवर 'येत्या वर्षाचे ट्रेंड' सांगणारे तीन अहवाल होते आणि हॉटेलच्या करारातला 'ॲट्रिशन' हा शब्द मला माहीत नव्हता. पहिल्याच बैठकीत हॉटेलच्या सेल्सवाल्यांनी विचारलं, "ॲट्रिशन किती टक्के धरू?" मी मान हलवून म्हणाले, "नेहमीचंच धरा." ते 'नेहमीचं' किती महाग पडू शकतं ते पुढे येईलच.

तेव्हापासून नवीन माणसाला मी एकच क्रम सांगते: आधी कागद, मग जागा, मग वेळ. हे तीन हातात आले की ट्रेंड वाचायचे आणि प्रमाणपत्राचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक जण कळसापासून सुरुवात करतात. पाचशे जणांच्या कार्यक्रमात चहाची रांग का तुंबली हे ज्याला सांगता येत नाही, त्याला 'इमर्सिव्ह एक्स्पीरियन्स'वर बोलायला लावू नये, असं माझं मत आहे.

१. कोणत्या प्रकारचं काम करायचं ते ठरवा

धंद्यात 'माइस' हा शब्द सतत कानावर पडेल. मीटिंग, इन्सेंटिव्ह, कॉन्फरन्स आणि एक्झिबिशन अशा चार कामांचं ते एकत्र नाव. चारही कामांत हॉल, जेवण आणि माइक लागतो, पण कौशल्य वेगळं लागतं. कॉन्फरन्समध्ये वक्ते आणि नोंदणी सांभाळावी लागते. प्रदर्शनात स्टॉलचा नकाशा हाच जीव असतो. इन्सेंटिव्ह म्हणजे टार्गेट गाठणाऱ्यांना बक्षीस म्हणून नेलेली सहल, तिथे प्रवासाचं नियोजन आलं. पहिली दोन वर्षं यातलं एकच काम धरा. सगळं थोडं थोडं केलं की कशाचाच अंदाज पक्का होत नाही.

२. फाइल लावा

प्रत्येक कार्यक्रमाची एक फाइल असते आणि तिच्यात एवढं तरी लागतं:

- ब्रीफ. एकच पान. कार्यक्रम कशासाठी, कोणासाठी, किती माणसं आणि तो झाल्यावर काय बदललेलं हवं.
- बजेट. अंदाज, कोटेशन आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने. शेवटी आकस्मिक खर्चाची ओळ. मी १० टक्के धरते.
- आरएफपी, म्हणजे व्हेन्यू आणि व्हेंडर यांना पाठवायची मागणी. सगळ्यांना तीच पाठवा, नाहीतर कोटेशनची तुलनाच होत नाही.
- सह्या झालेले सगळे करार.
- मोजमापांसह फ्लोअर प्लॅन.
- बीईओ, म्हणजे व्हेन्यूने काढलेला जेवणाचा आणि मांडणीचा हुकूमनामा.
- रन शीट, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवसाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक.
- संपर्क यादी, छापील. फोनची बॅटरी नको त्या वेळीच संपते.
- जोखीम योजना.

यातला बीईओ नवीन लोक न वाचताच सही करतात. तुम्ही सेल्सच्या माणसाला पाठवलेला लांबलचक ईमेल किचनमध्ये आणि हॉल लावणाऱ्यांपर्यंत जात नाही. त्यांच्या हातात बीईओ असतो. जे त्यावर नाही ते होणार नाही, असं धरूनच चाला.

जोखीम योजनेत आग, आजारपण, वीज जाणं हे सगळेच लिहितात. 'कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाचा' ही ओळ मात्र सुटते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना स्टेट फेअरमध्ये वादळी वाऱ्याने मंचाचा सांगाडा गर्दीवर कोसळला आणि ७ जणांचा जीव गेला. सांगाडा कमकुवत होताच, पण कार्यक्रम थांबवायचा निर्णय नेमका कोणी घ्यायचा हेही स्पष्ट नव्हतं, असं पुढे चौकशीत निघालं. त्या दुर्घटनेनंतर उभ्या राहिलेल्या 'इव्हेंट सेफ्टी अलायन्स'चं साहित्य उघड्यावरचे कार्यक्रम करणाऱ्यांनी वाचावंच. तुमच्या योजनेत एक नाव, एक फोन नंबर आणि वाऱ्याच्या वेगाचा एक आकडा लिहिलेला हवा. मंच उभारणाऱ्याकडून तो आकडा लेखी घ्या.

कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची गरज नाही. 'इव्हेंट्स इंडस्ट्री कौन्सिल' या संस्थेच्या 'ॲपेक्स' उपक्रमातून कार्यक्रमाच्या सविस्तर तपशिलाचा नमुना आणि धंद्यातल्या शब्दांचा कोश तयार झाला आहे. आधी तो कोश चाळा. माझ्याकडे तो वेळेत असता, तर 'नेहमीचंच धरा' तोंडून गेलं नसतं.

३. करार वाचायला शिका

तर ॲट्रिशन. समजा तुम्ही पाहुण्यांसाठी २०० रूम-नाइट्स (एक खोली एका रात्रीसाठी, म्हणजे एक रूम-नाइट) अडवून ठेवल्या आणि करारात ८० टक्क्यांची अट आहे. म्हणजे किमान १६० वापरल्या जातील ही तुमची हमी झाली. प्रत्यक्षात १४० च वापरल्या, तर उरलेल्या २० रात्रींचे पैसे तुमच्या माथी. त्या खोल्यांत कोणी झोपलं नाही तरीही. आता मी तीन गोष्टी मागते. टक्का शक्य तितका खाली आणायचा. मोजणी एकेका रात्रीची न धरता सगळ्या रात्रींची मिळून धरायची. आणि हॉटेलने त्या रिकाम्या खोल्या दुसऱ्यांना विकल्या असतील, तर तेवढी रक्कम वजा करायची. पहिल्या दोन बहुतेक वेळा मिळतात, तिसरीसाठी भांडावं लागतं.

जेवणाच्या रकमेचंही तसंच. 'किमान खर्च' हा आकडा करासह आहे की कराशिवाय आणि सेवाशुल्क त्यात मोजलंय का, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

कट-ऑफ तारीख कॅलेंडरमध्ये लाल रंगात टाका. साधारणपणे कार्यक्रमाच्या तीन-चार आठवडे आधी ती येते आणि त्यानंतर न भरलेल्या खोल्या हॉटेल सोडून देतं. तुमचे पाहुणे नोंदणी करणार शेवटच्या आठवड्यात. सगळीकडचे पाहुणे असेच असतात.

मग रद्द करण्याची अट. ती पायऱ्यांची असते: कार्यक्रम जवळ येईल तसा दंड वाढतो. 'फोर्स मेजर'चं, म्हणजे कोणाच्याच हातात नसलेल्या आपत्तीचं कलम शब्दन् शब्द वाचा. २०२० मध्ये जगभरच्या प्लॅनरांनी आपापले करार उघडले तेव्हा भूकंप, संप, युद्ध सगळं होतं, पण साथीच्या रोगाचा उल्लेख अनेकांच्या यादीत नव्हता. कार्यक्रम घेणं 'अशक्य' झालं तरच सुटका, असं तिथे लिहिलंय का तेही बघा. विमानं बंद पडून निम्मे पाहुणे अडकले, तर हॉल भरवणं अशक्य नसतं, निरर्थक असतं. करारात हा फरक मोठा.

आता माझा स्वतःचा खड्डा. एका परिषदेसाठी आम्ही मोठ्या बॉलरूमचा अर्धा भाग घेतला होता. मध्ये घडीची सरकती भिंत. दुपारी एक ज्येष्ठ वक्त्या अगदी हळू आवाजात, आकडे देत बोलत होत्या आणि भिंतीपलीकडे ड्रमचा साउंड चेक सुरू झाला. आधी एकच ठोका. सगळ्यांनी वर पाहिलं. मग चार ठोके, मग बेस गिटार. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरताना मी पाहत होते. मॅनेजर अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मॅडम, त्यांचंही बुकिंग आहे." होतंच. शेजारच्या आवाजाबद्दल आमच्या करारात एक अक्षर नव्हतं. आता मी विचारते की त्या दिवशी पलीकडे कोण आहे आणि त्यांचा साउंड चेक किती वाजता आहे, आणि सत्रांच्या वेळेत शेजारी मोठा आवाज होणार नाही हे करारात लिहून घेते.

४. रेकीला, म्हणजे जागा बघायला जाताना, टेप घेऊन जा

व्हेन्यूच्या माहितीपत्रकात 'थिएटर मांडणीत ४००' असं लिहिलेलं असतं. ते ४०० म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत खुर्च्या. मंच नाही, स्क्रीन नाही, साउंडचं कन्सोल नाही, मधली वाट नाही. हे सगळं आलं की आकडा चांगलाच खाली येतो. म्हणून फ्लोअर प्लॅनवर आधी मंच काढा, मग बाहेर पडायची दारं आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या मोकळ्या वाटा. उरलेल्या जागेत माणसं बसवा.

स्क्रीनसाठी धंद्यात २ आणि ८ चा नियम चालतो. पहिली रांग स्क्रीनच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जवळ नको, शेवटची आठपटीपेक्षा लांब नको. स्क्रीन २ मीटर उंच असेल तर लोक ४ ते १६ मीटरच्या पट्ट्यात बसायला हवेत. हॉल त्याहून लांब असेल तर मध्ये आणखी स्क्रीन लावा. स्क्रीनची खालची कड जमिनीपासून साधारण ५ फूट वर हवी, नाहीतर मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. त्यामुळे छत किती उंच आहे आणि झुंबर कुठे लटकतंय ते आधी बघा. झुंबराने खाल्लेली स्क्रीन मी दोनदा पाहिली आहे.

गोल टेबल ६० इंची असेल तर ८ जण नीट बसतात, ७२ इंची असेल तर १०. कॅबरे मांडणीत मंचाकडची बाजू रिकामी ठेवतात, कोणालाही पाठ करून बसावं लागत नाही, पण त्याच टेबलावर ५ किंवा ६ च जण मावतात. त्याच माणसांना जास्त टेबलं लागतात.

रांगांचं गणित मात्र कोणीच करत नाही. ३०० माणसं, चहा घ्यायला प्रत्येकाला १५ सेकंद, एकच रांग: शेवटच्या माणसाला कप मिळेपर्यंत ७५ मिनिटं. तुमचा ब्रेक २० मिनिटांचा. पाच रांगा केल्या तर काम १५ मिनिटांत संपतं. नोंदणीचंही तसंच. ४०० जण ४५ मिनिटांत आत घ्यायचे आणि प्रत्येकाला ४० सेकंद लागतात, तर किमान सहा काउंटर लागतील. वर एक 'अडचणीचा' काउंटर वेगळा, म्हणजे ज्याचं नाव यादीत सापडत नाही तो बाकीची रांग अडवून ठेवत नाही.

निघण्याआधी सरकती भिंत बंद करायला सांगा आणि सहकाऱ्याला पलीकडे उभं राहून बोलायला लावा. सामान आत येण्याचं दार आणि लिफ्टचं दार मोजा. ८ फुटी पॅनेल ७ फुटी दारातून जात नाही, हे पहाटे चार वाजता कळलेलं फार वाईट. व्हीलचेअरने पार्किंगपासून मंचापर्यंत स्वतः जाऊन बघा. प्रेक्षकांसाठी रॅम्प असतो, वक्त्यासाठी तीन पायऱ्या असतात.

५. रन शीट लिहा

'१०:०० उद्घाटन' ही रन शीटची ओळ नाही, ती निमंत्रणपत्रिकेतली ओळ आहे. कामाची ओळ अशी असते: ९:५८, दोन मिनिटं, हॉलचे दिवे निम्म्यावर, स्क्रीनवर लोगो, निवेदक मंचाच्या डाव्या विंगेत, हातात माइक क्रमांक २, माइक सुरू करण्याची जबाबदारी साउंडवाल्याची, 'गो' देणार शो कॉलर, म्हणजे सगळ्यांना इशारे देणारा माणूस. वेळ, अवधी, काय घडतं, मंचावर कोण, आवाज, स्क्रीन, दिवे, जबाबदार व्यक्ती असे आठ रकाने पुरतात.

वक्त्याला मंचावर चढायला, टाळ्यांना, लॅपटॉप जोडायला लागणारा वेळ बहुतेक शीटवर शून्य धरलेला असतो. सात वक्त्यांचे प्रत्येकी दोन मिनिटं धरले तरी जेवण पाऊण वाजता ठरलेलं असताना एक वाजत येतो. आणि शीटवर आवृत्ती क्रमांक टाका. साउंडवाल्याकडे आवृत्ती ४ आणि तुमच्याकडे ६ असेल, तर तुम्ही दोघं दोन वेगळे कार्यक्रम चालवत असता.

६. आता ट्रेंड

नवा ट्रेंड कानावर आला की मी रन शीट उघडते आणि कोणती ओळ बदलते ते शोधते. एकही बदलत नसेल तर पुढच्या वर्षी बघू.

हायब्रिडने, म्हणजे हॉलमध्ये आणि ऑनलाइन एकाच वेळी चालणाऱ्या कार्यक्रमाने, ओळ बदलत नाही, सबंध शीट दुप्पट होते. घरून बघणाऱ्यासाठी वेगळा निवेदक, वेगळे ब्रेक, प्रश्न गोळा करणारा वेगळा माणूस लागतो. हॉलच्या मागे कॅमेरा लावून मोकळं होणं म्हणजे हायब्रिड नव्हे. साधनावर फार विसंबू नका हेही इथेच सांगते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'हॉपिन' या ऑनलाइन मंचाचं मूल्य २०२१ मध्ये ७.७५ अब्ज डॉलर ठरवलं गेलं होतं आणि २०२३ मध्ये त्या कंपनीचा इव्हेंटचा व्यवसाय 'रिंगसेंट्रल'ला विकला गेला. ज्यांनी फक्त त्या मंचाची बटणं शिकून घेतली, त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. ऑनलाइन प्रेक्षक कधी कंटाळतो हे ज्यांना कळलं होतं, त्यांचं काही बिघडलं नाही.

शाश्वततेबद्दल गोंगाट जास्त आहे, पण आत ठोस काम आहे. 'आयएसओ २०१२१' हे इव्हेंटच्या शाश्वत व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या वर्षी आलं आणि २०२४ मध्ये सुधारून पुन्हा निघालं. 'नेट झीरो कार्बन इव्हेंट्स' हा उपक्रम २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत जाहीर झाला. माणसं लांबून येणार असतील तर उत्सर्जनाचा सगळ्यात मोठा वाटा बहुधा त्यांच्या प्रवासाचा असतो. म्हणून कागदी स्ट्रॉवर चर्चा करण्याआधी जागा कुठली निवडताय ते बघा.

एआय मी रोज वापरते. सत्रांचे सारांश छोटे करायला, अभिप्रायांची वर्गवारी करायला, रन शीटचा पहिला कच्चा मसुदा काढायला. 'पीसीएमए' या संस्थेने २०२३ मध्ये खास प्लॅनरांसाठी 'स्पार्क' नावाचं एआय साधनही आणलं. पण पाहुण्यांची यादी, त्यांचे फोन नंबर, आहाराच्या आणि आजाराच्या नोंदी कोणत्याही सार्वजनिक साधनात टाकू नका. युरोपातले पाहुणे असतील तर मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आडवा येईल आणि नसतील तरी ती माणसं आपल्यावर विश्वास टाकून माहिती देतात.

मला स्वतःला आवडणारा बदल म्हणजे सत्रांची रचना. खरं तर यात नवं फार थोडं आहे. सहभागींनी अजेंडा तिथल्या तिथे ठरवायची 'ओपन स्पेस' पद्धत हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये वापरली. 'पेचाकुचा' २००३ मध्ये टोकियोत सुरू झालं: २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, ६ मिनिटं ४० सेकंदांत भाषण संपतं. लांबण लावणाऱ्या वक्त्यावर याहून सभ्य उपाय मला सापडलेला नाही.

अहवाल वाचायचे तर 'एमपीआय' (मीटिंग प्रोफेशनल्स इंटरनॅशनल) या संस्थेचं 'मीटिंग्ज आउटलुक' आणि 'अमेरिकन एक्सप्रेस ग्लोबल बिझनेस ट्रॅव्हल'चा वार्षिक अंदाज बघा. वाचताना अहवाल काढणारा काय विकतो हे आधी शोधा. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या अहवालात लोकांना दरवर्षी सॉफ्टवेअरच हवं असतं.

७. शिकायचं कुठे

'एमपीआय' १९७२ पासून आहे, तिची अकादमी आणि वेबिनार नवख्यांना बरे पडतात. 'पीसीएमए'चं 'कन्व्हीन' मासिक सत्रांच्या रचनेबद्दल चांगलं लिहितं. 'स्किफ्ट मीटिंग्ज' बातम्यांसाठी, 'बिझबॅश' मांडणी आणि सजावटीच्या कल्पनांसाठी. प्रदर्शनांच्या कामात जायचं असेल तर १९२५ पासूनची 'यूएफआय' ही संघटना, आंतरराष्ट्रीय संघटनांच्या परिषदांसाठी १९६३ पासूनची 'इक्का' ही संघटना. सगळ्यांचं सदस्यत्व एकदम घेऊ नका. आधी फुकट वेबिनार महिनाभर ऐका, मग एक निवडा.

व्यापारी मेळावे तीन मोठे: 'आयमेक्स' फ्रँकफर्ट आणि लास व्हेगासमध्ये, 'आयबीटीएम वर्ल्ड' बार्सिलोनात. तिथे 'होस्टेड बायर' म्हणून प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आयोजक उचलतात, पण त्या बदल्यात ठरलेल्या भेटी पार पाडाव्या लागतात. हातात खरं बजेट नसताना खरेदीदार बनून जाऊ नका. भेटी सुरू झाल्या की पाचव्या मिनिटाला उघडं पडतं.

८. प्रमाणपत्राची घाई

या धंद्यात सर्वाधिक ओळखलं जाणारं प्रमाणपत्र म्हणजे 'सीएमपी' (सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल). १९८५ पासून चालू आहे, 'इव्हेंट्स इंडस्ट्री कौन्सिल' देते. नेहमीच्या मार्गाने अर्ज करायला ३६ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव आणि गेल्या पाच वर्षांतलं २५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. परीक्षा बहुपर्यायी असते आणि मिळालेलं प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

म्हणजे पहिल्या वर्षी हे शक्यच नाही. पण पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी करा: ऐकलेल्या प्रत्येक वेबिनारचं हजेरीपत्र एका फोल्डरमध्ये ठेवा आणि नोकरीची नेमणूकपत्रं सांभाळा. मी ते केलं नाही. अर्जाच्या वेळी बंद पडलेल्या एका कंपनीच्या जुन्या साहेबांना शोधत फिरले. 'आठवड्याच्या शेवटी प्रमाणित प्लॅनर बना' अशा जाहिराती दिसतील. पैसे भरण्याआधी ज्यांच्याकडे नोकरी हवी आहे अशा दोन-तीन ठिकाणी विचारा की त्या प्रमाणपत्राची तिथे किंमत काय. ऑनलाइन कार्यक्रमच करायचे असतील तर 'पीसीएमए'चा 'डिजिटल इव्हेंट स्ट्रॅटेजिस्ट' हा कोर्स उपयोगी आहे.

९. कार्यक्रम संपला की दोन दिवसांत बसा

अनुभव नसेल तर कोणाच्याही परिषदेत नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभे राहा. तिथे उभं राहिलं की चुका कुठे साचतात ते सगळं दिसतं. छापील रन शीट मागून घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर प्रत्यक्ष वेळ पेन्सिलीने लिहा.

मग ४८ तासांच्या आत, टीमसोबत किंवा एकट्याने, ती शीट उघडा. ठरलेली आणि घडलेली वेळ जिथे पाच मिनिटांहून जास्त वेगळी आहे तेवढ्याच ओळी घ्या, कारण लिहा, आणि त्यातलं जे जागेमुळे झालं ते रेकीच्या यादीत, जे शब्दांमुळे झालं ते कराराच्या यादीत टाका. माझ्या रेकीच्या यादीत आज ६१ ओळी आहेत. पहिली अजून 'भिंतीपलीकडे कोण?' हीच आहे.